नडलेलं अद्भुत

माझ्या भाच्याचं ठाम मत आहे की मला फँटसी वाचता येत नाही. मी वाचते हे त्याला मान्य आहे, पण वाचता येत नाही. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, मी भुसावळला शाळेत गणित शिकवते, आणि गेल्या दिवाळीपासून पुस्तकांवरून आमचं जे काही चाललंय त्याला माझी बहीण भाऊबंदकी म्हणते. तो पुस्तक सुचवतो, कधी विकत घेऊन पाठवतोही, मी वाचते आणि मग रविवारी फोनवर त्याचा विरस करते.

त्याचा मुख्य आक्षेप असा, की गणिताची बाई असून मला जादूचे नियम आवडत नाहीत. हा वाद ब्रँडन सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न : द फायनल एम्पायर'वरून (2006) पेटला. त्या जगात आकाशातून राख पडत असते, रात्री धुकं उतरतं आणि काही मोजकी माणसं धातूची पूड पिऊन ती पोटात 'जाळू' शकतात. पोलादाने धातू लांब ढकलता येतो, लोखंडाने ओढता येतो, कथिलाने कान-डोळे तिखट होतात. पायाखाली नाणं टाकायचं, पोलाद जाळून त्याला ढकलायचं आणि त्या जोरावर स्वतः वर उडायचं. व्हिन नावाची चोरटी, घाबरलेली पोर हे शिकते ती पानं मी एका बैठकीत वाचली, हे कबूल. सँडरसनचं जाहीर तत्त्वच आहे : जादूने पेच सोडवायचा असेल तर वाचकाला ती जादू आधी नीट कळलेली हवी. तत्त्व म्हणून चोख आहे. वर्गात मीही तेच सांगते, की स्टेप्स दाखवा, मार्क मिळतील. पण कादंबरीत स्टेप्स दिसायला लागल्या की मला पेपर तपासत बसल्यासारखं होतं. बरोबर, बरोबर, बरोबर, पुढचं पान.

माझं खरं भांडण मात्र नियमांशी नाही, त्या राज्याच्या सम्राटाशी आहे. लॉर्ड रूलर हजार वर्षं जगतोय, मरत नाही. का मरत नाही याचं गणित शेवटी सुटतं आणि तेही चोख सुटतं. पण हजार वर्षं जगलेल्या त्या माणसाला कुणाकडून काहीच नको आहे. भीती हवी, खंडणी हवी, पण नड म्हणून नाही. एखाद्या संध्याकाळी कुणाच्या दारात उभं राहून काही मागावं लागेल अशी वेळ त्याच्यावर येत नाही. मग तो हजार वर्षांचा असला काय आणि पन्नाशीचा असला काय?

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अगं मावशी, अमर माणसाला कसली आलीय नड?"

आता हे आमच्या आजोळचं रक्त असलेल्या पोराने विचारावं! आमचं आजोळ शहादा तालुक्यात. हवा स्वच्छ असली की सातपुडा निळा दिसतो, आणि त्याच रांगेत तिकडे अस्तंबा आहे. अश्वत्थाम्याचा डोंगर. दिवाळीत त्याची यात्रा असते. तळोद्याकडून, धडगावकडून, गुजरात-मध्य प्रदेशातूनही लोक, बहुतेक सगळे आदिवासी, रात्रीबेरात्री तो डोंगर चढतात. आमची मोठी आई कधी गेली नव्हती, पण तिच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीच्याला तो दिसलेला असायचाच. उंचाड माणूस, कपाळावर न भरणारी जखम, वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो आणि तेल मागतो. "तेल मांगस तो. देवानं, आन मांगे वळीसन दखानं नही." एवढंच. त्यापुढे स्पष्टीकरण नाही.

तिच्या घरात देवाच्या कोनाड्यात खोबरेल तेलाची बाटली असायची. दिवाळीनंतर थंडी पडली की ते तेल पांढरं होऊन बसायचं. मला लहानपणी त्याचीच काळजी. नेमका तेव्हा तो आला आणि बाटलीतून तेल निघालंच नाही तर? मोठी आई भाकरी थापता थापता म्हणाली होती, "मंग गोडं तेल देसूत." तिच्या लेखी हा प्रश्न तेलाचा होता. महाभारतातल्या माणसाचा नव्हताच.

आणि माणूस कसला? झोपलेल्या पांचालांना कापणारा, द्रौपदीची पाचही पोरं मारणारा. कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि कृष्णाने तीन हजार वर्षं रानोमाळ भटकण्याचा शाप दिला. लोकांनी ती तीन हजार वर्षं ताणून कायमची केली. बुऱ्हाणपूरपलीकडच्या असीरगडावरही तो रोज महादेवाला फूल वाहून जातो म्हणतात. म्हणजे आमच्या रावेर-भुसावळच्या माणसांना दोन्हीकडून तोच. मोठ्या आईला त्याने काय केलं ते सगळं ठाऊक होतं, भारूड-कीर्तनं ऐकलेली बाई ती. तरी तेल द्यायचंच होतं. पापाचा हिशेब कृष्णाने केलेला आहे, आपल्याकडे फक्त जखम आली आहे, असा काहीसा तिचा व्यवहार असावा.

तेव्हापासून माझी फँटसी वाचायची पट्टी एकच. या पुस्तकातलं अद्भुत कुणाच्या दारात काही मागायला उभं राहतं का? अद्भुताला आपली नड आहे का? बाकी नकाशे, वंशावळी, ड्रॅगनचे रंग, सगळं ठीक आहे.

माझं नशीब की याच पट्टीवर पुरून उरणारं पुस्तक मला याच वर्षी सापडलं. उर्सुला ले ग्विनची अर्थसी मालिका कॉलेजात असताना पहिल्या भागावर सुटली होती. तिसरा भाग 'द फार्देस्ट शोअर' (1972) आता वाचला. कॉब नावाच्या मांत्रिकाला मरायचं नाही. म्हणून त्याने जिवंतांच्या आणि मेलेल्यांच्या मधल्या भिंतीला भोक पाडलंय आणि त्या भोकातून जगातला रस गळून चाललाय. मांत्रिक मंत्र विसरतात, गाणारे गाणी विसरतात. लोर्बानेरी नावाचं एक बेट आहे, रेशीम रंगवण्यासाठी नावाजलेलं. तिथल्या रंगाऱ्यांच्या हातातून रंगच निघून गेलेत. हात तेच, कढया त्याच, पण रंग कसा धरायचा ते आठवत नाही. मला सगळ्या पुस्तकात हे बेट सगळ्यात भयानक वाटलं. त्यापुढे मेलेल्यांचा कोरडा मुलूख आहे, तिथे एकमेकांसाठी जीव दिलेले प्रेमी शेजारून जातात आणि ओळखत नाहीत, तोही प्रसंग थोर आहे. पण रंग विसरलेला रंगारी जास्त लागला.

कॉब वाचताना मला चांगदेव आठवत राहिला, आणि इथे भाचा खो खो हसला. हसू दे. मुक्ताईनगर तालुक्यात, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव गाव आहे, जुनं दगडी मंदिर आहे, समोर हतनूर धरणाचं पाणी पसरलेलं. माघात महाशिवरात्रीच्या सुमाराला यात्रा भरते. काळ न्यायला आला की प्राण ब्रह्मांडात चढवून बसायचं आणि तो गेला की उतरायचं, असं करत हा योगी चौदाशे वर्षं जगला. कॉबचाच धंदा! फरक पुढे आहे. आळंदीच्या पोरांची कीर्ती कानावर आली तेव्हा त्यांना पत्र लिहायला बसला, आणि मायना काय घालावा हेच सुचेना. वयाने पोरं म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने मोठी. नमस्कार लिहावा तर आपण चौदाशे वर्षांचे. शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांनी उत्तर दिलं. पुढे वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन तो भेटायला गेला, यांनी बसली भिंत चालवली, ते सगळ्यांना माहीत आहे. मला त्याहून मोठा चमत्कार वाटतो तो हा, की चौदाशे वर्षांचा सिद्ध त्या लहानग्या पोरीला गुरू करून घेतो. त्याला नड होती आणि ती त्याला मान्य करता आली. ती पोर पुढे याच मुलखात, 1297 साली, तापीकाठी वीज कडाडली त्यात दिसेनाशी झाली. आणि चौदाशे वर्षं टिकलेल्याला जवळ संगमावर देऊळ आहे. अशी कादंबरी कुणी इंग्रजीत लिहिली असती तर भाच्याने मला प्री-ऑर्डर करायला लावली असती.

कॉबला ते जमत नाही. त्याला मागता येत नाही, म्हणून तो सगळ्यांचं पिऊन टाकतो.

ते भोक बुजवताना गेड या मोठ्या मांत्रिकाची सगळी विद्या खर्ची पडते. कुणीही लेखक मालिका इथे संपवेल. ले ग्विनने अठरा वर्षांनी, 1990 मध्ये, 'तेहानू' लिहिली आणि ही माझ्या मते या सगळ्या ढिगातली सर्वांत मोठी कादंबरी आहे. ड्रॅगनच्या पाठीवरून अर्धमेला गेड गाँट बेटावर येतो आणि त्याला सांभाळते ती टेनार. एकेकाळची पुजारीण, आता शेतकऱ्याची विधवा. तिच्याजवळ एक पोर आहे, स्वतःच्याच माणसांनी जाळलेली, एक डोळा आणि एक हात गेलेली. राजाची माणसं न्यायला येतात तेव्हा हा महामांत्रिक लाजेने लपतो आणि डोंगरावर शेळ्या राखायला निघून जातो, लहानपणी राखायचा तशा. पुढे टेनारचा मुलगा जहाजावरून घरी येतो. जेवण झाल्यावर ताट तसंच. ते बायकांचं काम, म्हणतो. त्याच स्वयंपाकघरात ज्याने ड्रॅगनांशी बोलणी केली तो गेड भांडी आवरतो, आणि टेनार मनात म्हणते की पोराला वाढवण्यात मी नापास झाले.

भाच्याचं म्हणणं, या पुस्तकात काही घडतच नाही, नुसत्या शेळ्या. मी त्याला विचारलं, होस्टेलवरून घरी आलास की ताट कोण उचलतं? त्या रविवारचा फोन लवकर संपला.

सुसाना क्लार्कची 'पिरानेसी' (2020) त्याने नाइलाजाने पाठवली, कारण तिला 2021 चं विमेन्स प्राइझ मिळालेलं आणि मला 'बक्षिसवाली' पुस्तकं आवडतात असा त्याचा समज. दिवाणखान्यांमागे दिवाणखाने असलेलं एक अफाट घर. खालच्या मजल्यांत समुद्र, वरच्यांत ढग, सगळीकडे पुतळे. त्यात एक माणूस जवळजवळ एकटा राहतो, मासे धरतो, भरती-ओहोटीची कोष्टकं मांडतो (हा भाग मला अर्थातच आवडला) आणि रोजनिशी लिहितो. रहस्य आहे, ते मी फोडणार नाही, तसं ते फार अवघडही नाही. उत्तरार्धात खुलासे सुरू होतात तेव्हा घर थोडं लहान होतं, अशी माझी तक्रार आहे. पण पहिली शंभर पानं! त्या घरात तेरा सांगाडे आहेत. कोण, कुठले, ठाऊक नाही. एकाची हाडं बिस्किटांच्या डब्यात आहेत. हा माणूस त्यांना खाणं-पाणी नेतो, कमळं नेतो, त्यांच्याशी बोलतो. आपण नाही केलं तर कोण करणार, हा त्याचा साधा सवाल.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरतात. पाण्याची नवी घागर, वर आंबा, सांजोऱ्या, खापरावरची पुरणाची पोळी आणि आमरस, मग चुलीतल्या निखाऱ्यावर तुपाचा घास टाकून आगारी द्यायची. धूर सरळ वर गेला की बाया म्हणतात, पावलं. ज्यांची नावं तीन पिढ्यांपलीकडे कुणालाच ठाऊक नाहीत त्यांनाही त्यात वाटा असतो. पिरानेसीच्या तेरा जणांची मला त्यामुळे जराही अपूर्वाई वाटली नाही, आणि म्हणूनच पुस्तक जवळचं वाटलं. आणखी एक जागा. अल्बाट्रॉस पक्ष्यांचं जोडपं त्या दिवाणखान्यात घरटं करायला येतं. याच्याजवळ हिवाळ्यासाठी सुकवलेलं समुद्री शेवाळ, तेवढंच सरपण. तो हिशेब करतो, किती दिवस गारठ्यात काढावे लागतील, आणि त्यांना ते देऊन टाकतो. पुढे त्या वर्षाला तो त्या पक्ष्याच्याच नावाने ओळखतो.

पॅट्रिक रॉथफसच्या 'द नेम ऑफ द विंड'बद्दल (2007) फार बोलण्यात अर्थ नाही. नायक सगळ्यात हुशार, सगळ्यात गुणी आणि त्याची त्याला पूर्ण कल्पना. दुसरा भाग 2011 मध्ये आला, तिसऱ्याची वाट बघणारे अजून बघतायत. पण एक गोष्ट मानली. तिथल्या विद्यापीठात प्रत्येक सत्राला तोंडी परीक्षा होते आणि उत्तरं कशी दिली त्यावर फी ठरते. नायक कायम फीच्या मागे, आणि एक सावकारीण त्याचं रक्त तारण ठेवून कर्ज देते. त्या पानांत नायक माणूस होतो. बाकी सगळीकडे खाणावळीत स्ट्यू आहे. डायना विन जोन्सने 1996 साली फँटसीच्या मुलखाचं एक थट्टेखोर प्रवास-मार्गदर्शक लिहिलं, त्यात तिने हेच पकडलंय, की या मुलखात जेवायला स्ट्यूशिवाय काही मिळत नाही. तासन् तास शिजणारा तो पदार्थ घोडदौडीच्या मधोमध कोण शिजवतं? भरीत तरी करा, काट्याकुट्यांच्या जाळावर होतं.

एन. के. जेमिसिनच्या 'द फिफ्थ सीझन'ने (2015) मात्र माझी पट्टीच वाकवली. या मालिकेच्या तिन्ही भागांना 2016, 2017, 2018 असे सलग तीन ह्यूगो पुरस्कार मिळाले, ते योग्यच. सतत भूकंप होणारा खंड, आणि भूकंप थोपवू शकणारी काही माणसं. म्हणजे इथे नड अद्भुताला नाही, सगळ्या समाजाला अद्भुताची आहे. आणि समाज काय करतो? त्या माणसांना लहानपणीच उचलतो, माणसाळवतो, वापरतो, आणि शिवी देतो. एका ठाण्यावर असं एक मूल खुर्चीला जखडून ठेवलेलं सापडतं, जमीन शांत राहावी म्हणून. तिथे मी पुस्तक मिटून स्वयंपाकाला लागले. ज्यांच्यावाचून गाव एक दिवस चालत नाही त्यांनाच वेशीबाहेर ठेवायचं, हे समजायला आपल्याला दुसऱ्या ग्रहावर जायची गरज नाही. भाच्यालाही यावर काही बोलता आलं नाही. तो म्हणाला, भूकंपाची सिस्टीम भारी आहे. मी म्हटलं, हो.

सगळ्यात शेवटी वाचली ती श्रीलंकेच्या वज्र चंद्रशेखर यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (2023), नेब्युला पुरस्कार मिळालेली. जन्मल्याबरोबर आई पोराची सावली पितळी खिळ्याने जमिनीत ठोकून तोडते आणि त्याला वाढवते ते त्याच्या बापाला मारण्यासाठी. बाप घर सोडून गेलेला, मोठा धर्मपुरुष झालेला. पोरगा मोठा होतो, शहरात पळून येतो आणि चक्क एका आधारगटात जाऊन बसतो, जिथे त्याच्यासारखे न झालेले अवतार, हुकलेले प्रेषित, चहाबिहा घेऊन आपापली रडगाणी गातात. शहरात काही दरवाजे आहेत, ते उघडत नाहीत, आणि भिंतीच्या मागून पाहिलं तर तिथे दरवाजा नसतोच. हे काय आहे ते लेखक धड सांगत नाही. सरकारी खाती त्यावर संशोधन करतायत, शेजारी माणसांची जात-वंशाची कागदपत्रं तपासली जातायत, छावण्या आहेत, आणि भुतं रस्त्यावरून चालतात. मधला भाग ढिला आहे, दीडशे पानं कुठे चाललोय कळत नाही. तरी वाचताना एकदाही मला परदेशी पाहुणी झाल्यासारखं वाटलं नाही. साधू झालेल्या बापाने मागे टाकलेलं घर, त्या घरातली संतापलेली बाई, हे सगळं ओळखीचं.

मग मराठीत हे का नाही, असं भाचा विचारतो. सुरुवातीच्या काळात तर होतं. 1861 ची हळब्यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी अद्भुतरम्यच होती. दहा वर्षांनी 'मोचनगड' ही ऐतिहासिक कादंबरी आली, आणि मला वाटतं, तलवारी, घोडे, किल्ले आणि भुयारं यांची आपली सगळी हौस पुढे ऐतिहासिक कादंबरीनेच भागवली. राजा-राण्या तिथे मिळतात म्हटल्यावर कल्पनेतलं राज्य कशाला उभारायचं? उरलं अद्भुत, ते भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांकडे गेलं. जळगावच्या वाचनालयातून आणलेली त्यांची पुस्तकं मी रात्री अंथरुणात वाचली आहेत आणि ते साध्या घराच्या साध्या दारावर जी थाप पाडायचे तिला तोड नाही. पण ती थाप नेहमी काहीतरी घ्यायला आलेल्याची. दार लावून घ्यायचं, त्यांच्या कथांतल्या समर्थांना बोलवायचं. दार उघडून 'काय हवंय' असं विचारायची तिथे सोय नाही.

कुणी लिहिणारच असेल तर माझ्या अटी तयार आहेत. पहिल्या पानावर नकाशा नको. अस्तंब्याच्या चढाआधीच्या शेवटच्या घरातली बाई हवी, जिच्याकडे तो दर दिवाळीला येतो, तिच्या सासूकडेही यायचा, आणि जिला तेलाचे वाढलेले भाव ठाऊक आहेत. तिने त्याला त्या पाच पोरांबद्दल एकदा तरी विचारायला हवं. तो काय उत्तर देतो ते मला सांगता येत नाही, तेवढ्यासाठीच तर वाचायचं आहे. भाच्याला यात एक युद्ध पाहिजे. मी म्हटलं, युद्ध होऊन गेलंय, त्यानंतरचं बोल. मग तो म्हणाला, ठीक आहे, पण तेल कोणतं देणार, सरकीचं? महागाईत तेच परवडेल. यावर आमचं अजून चालू आहे. जखमेला सरकीचं तेल कोण लावतं?